कोलारेशची वाळू आणि तिचे द्राक्षासव

लिस्बन शहरी चार-पाच दिवसांचा मुक्काम करणारा आपल्याकडील प्रवासी एक दिवस सिंत्र्यासाठी हटकून राखून ठेवतो, तेथील राजवाडे, तटबंदी आणि उपवने पाहून कृतार्थ मनाने सायंकाळच्या आगगाडीने परततो, आणि त्याच सिंत्र्याच्या डोंगरापलीकडे, पश्चिमेस जेमतेम दोन कोसांवर, अटलांटिक महासागराच्या काठी वाळूत वाढलेले जे कोलारेशचे द्राक्षमळे आहेत, त्यांची वार्ताही बहुधा त्याच्या कानी येत नाही. युरोपातील राजधानीच्या शहरापासून सकाळी निघून रात्री जेवणाला परत येता यावे इतक्या अंतरावर, समुद्राच्या इतक्या सान्निध्यात आणि इतक्या प्राचीन पद्धतीने चाललेली द्राक्षशेती अन्यत्र क्वचितच आढळेल. ती पाहू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मात्र एक सूचना आरंभीच करून ठेवणे इष्ट. मद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशांत प्रवाशांची वहिवाट अशी असते, की प्रथम तळघरात शिरावे, मग पेला हाती घ्यावा, आणि वेळ उरलाच तर जाता जाता मळ्यावर नजर टाकावी. कोलारेशमध्ये हा क्रम उलटा धरावा. प्रथम समुद्र, नंतर वाळू, नंतर मळा, त्यानंतर तळघर, आणि सर्वांत शेवटी पेला. याचे कारण असे, की येथील तांबडे मद्य पहिल्या घोटाला तुरट, आंबटसर आणि काहीसे रुक्ष लागते. ज्याने ते उत्पन्न करणारी भूमी पाहिलेली नाही त्याला तो केवळ दोष वाटतो, आणि ज्याने ती पाहिली आहे त्याला त्या रुक्षतेचा अर्थ कळू लागतो.

भूमी आणि तिचा इतिहास

कोलारेशचे सारे वैशिष्ट्य तेथील जमिनीत साठवलेले आहे. वर समुद्राकडून वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूचा जाड थर आणि त्याखाली चिकणमाती, अशी तिची रचना. वाळूत ना ओल टिकते, ना अन्नांश. वेलीला जे काही पोषण मिळावयाचे ते खालच्या चिकणमातीतून मिळणार. म्हणून नवी लागवड करताना वाळूत कित्येक मीटर खोल चर खणून, चिकणमातीच्या थराशी पोचून, तेथे वेलीची छाट लावावी लागते, आणि वेल जसजशी वर येईल तसतसा तो चर पुन्हा वाळूने भरत न्यावा लागतो. चराच्या भिंती ढासळून तळाशी काम करणारा मजूर वाळूखाली गाडला जाण्याचे भय पूर्वी नित्याचे असे. अशा प्रसंगी मदत येईपर्यंत श्वास घेता यावा म्हणून मजूर डोक्यावर वेताची टोपली पालथी घालून खणत, अशी नोंद या प्रदेशाच्या वर्णनांतून वारंवार आढळते. या वाळूच्या जमिनीला तेथे ‘शांव द आरेइया’ म्हणतात, आणि वाळू संपून जेथे घट्ट माती लागते त्या जमिनीला ‘शांव रिजु’. बाटली विकत घेण्याच्या वेळी या दोन संज्ञांचे प्रयोजन पडेल, म्हणून त्या ध्यानात ठेवाव्या.

एवढा खटाटोप करून वाळूतच वेल का लावावी, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या, मुळे शोषणाऱ्या सूक्ष्म किडीने त्या काळी फ्रान्सपासून पोर्तुगालपर्यंत लक्षावधी एकर द्राक्षमळ्यांचा संहार मांडला होता. अखेर अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधणे हाच त्यावर उपाय ठरला, आणि आज युरोपातील बहुतेक सर्व मळे अशा परक्या मुळांवर उभे आहेत. परंतु ही कीड मातीच्या भेगांतून वाट काढीत एका मुळावरून दुसऱ्या मुळाकडे जाते, आणि कोलारेशच्या सैल, कोरड्या वाळूत तिला वाट सापडली नाही. परिणामी आसपासचे मळे सुकून जात असता कोलारेशचे मळे हिरवे राहिले, त्यांच्या मद्याला न भूतो अशी मागणी आली, आणि येथील वेली आजही स्वतःच्याच मुळांवर जगत आहेत. नाशिक-सांगलीकडील बागाईतदाराला खुंट आणि कलम यांचे निराळे विवरण करून सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडे डॉगरिजसारख्या अमेरिकी खुंटाचा स्वीकार प्रामुख्याने क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई यांवर मात करण्यासाठी झाला, युरोपात तो किडीच्या धास्तीने झाला, आणि कोलारेशच्या वाळूत त्याची गरजच पडली नाही. खुंटाशिवायची जुनी द्राक्षवेल कशी असते हे पाहू इच्छिणाऱ्या आपल्या बागाईतदाराने तरी या स्थळाला अवश्य भेट द्यावी.

येथील द्राक्षशेतीचा दाखला तेराव्या शतकापर्यंत मागे नेता येतो. 1255 साली राजा आफोंसो तिसरा याने कोलारेशची राजवहिवाटीची जमीन इनाम दिली ती तेथे द्राक्षवेलींची लागवड करावी या अटीवर. पुढे 1908 साली सरकारने या प्रदेशाची हद्द कायद्याने ठरवून दिली, आणि 1931 साली ‘आदेगा रेजियोनाल द कोलारेश’ ही उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. पोर्तुगालातील या जातीच्या संस्थांत ती सर्वांत जुनी समजली जाते. कित्येक दशके असा सरकारी दंडकच होता, की वाळूतल्या द्राक्षांचे मद्य याच संस्थेत तयार व्हावे. एके काळी हजाराहून अधिक हेक्टरांवर पसरलेले हे क्षेत्र आज काही डझन हेक्टरांवर येऊन ठेपले आहे. कीड जे करू शकली नाही ते लिस्बनच्या विस्ताराने केले. समुद्रकाठच्या भूखंडाला बंगल्यांसाठी जी किंमत येऊ लागली, तिच्यापुढे द्राक्षाचे उत्पन्न कवडीमोल ठरले.

ऋतू आणि हवामान

भेटीचा काळ निवडताना एक गोष्ट आपल्याकडील वाचकाने प्रथम मनातून काढून टाकली पाहिजे. महाराष्ट्रातील वेल हिवाळ्यातही झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशी तिची वर्षातून दोनदा मशागत होते, आणि फळ हाती येते ते उन्हाळ्याच्या तोंडी. कोलारेशची वेल युरोपीय शिरस्त्याप्रमाणे हिवाळ्यात पाने टाकून स्वस्थ पडते, वसंतात फुटते, आणि तिची तोडणी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालते. तेव्हा नाताळच्या सुट्टीत गेलेल्याला पावसाने भिजलेल्या वाळूवर पसरलेली पर्णहीन काळी खोडे तेवढी दिसतील. ज्याला वेलीची ठेवण अभ्यासावयाची आहे त्याला ते दर्शनही बोधप्रद होईल, परंतु सामान्य प्रवाशाचे समाधान त्याने होणार नाही.

मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा आणि संपूर्ण सप्टेंबरचा, असे दोन काळ या भेटीस उत्तम. पहिल्यात मळे कोवळ्या पानांनी भरलेले असतात आणि गर्दी माफक असते. दुसऱ्यात घड पिकत आलेले असतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये सिंत्र्याच्या रस्त्यांवर माणसांची अशी दाटी होते, की दिवसाचा अर्धा भाग वाहनाची वाट पाहण्यात जावा. शिवाय त्या दिवसांत उत्तरेकडून येणारा, ‘नोर्ताडा’ नावाने ओळखला जाणारा वारा किनाऱ्यावर अखंड वाहत असतो, आणि समुद्रावरचे धुके सिंत्र्याच्या डोंगराला अडून दुपारपर्यंत तेथेच रेंगाळते. लिस्बनमध्ये घामाच्या धारा लागल्या असल्या तरी कोलारेशला जाणाऱ्याने एक लोकरीचा अंगरखा आणि वारा अडवणारे जाकीट बरोबर घेतल्यावाचून निघू नये. वाळूत चालावयाचे असल्याने पायांत बंद बूट असावेत.

हा वारा आणि हे धुके म्हणजे प्रवाशाची केवळ गैरसोय नव्हे. मद्याच्या गुणधर्माचा उगमही त्यांतच आहे. समुद्राच्या थंडाव्यामुळे द्राक्ष सावकाश पिकते, त्यात साखर बेताची साठते आणि आम्लता टिकून राहते. म्हणूनच येथील तांबड्या मद्यात मद्यार्काचे प्रमाण बहुधा बारा टक्क्यांच्या आसपासच असते, आणि ते दीर्घकाळ टिकते.

जाण्याचा मार्ग

लिस्बनच्या मध्यभागी असलेल्या रोसियो स्थानकावरून सिंत्र्याच्या आगगाड्या दिवसभर थोड्या थोड्या वेळाने सुटतात, आणि सुमारे चाळीस मिनिटांत सिंत्र्यास पोचवतात. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या जोडकमानींचे हे स्थानक स्वतःच प्रेक्षणीय आहे. म्हणून गाडीच्या वेळेआधी दहा मिनिटे पोचण्याची तजवीज ठेवावी. सिंत्र्याहून कोलारेश, आझेन्याश दो मार आणि काबो द रोका यांकडे जाणाऱ्या बसगाड्या आहेत. त्यांचे वेळापत्रक ऋतुमानाप्रमाणे आणि शनिवार-रविवारी बदलते, म्हणून परतीच्या अखेरच्या गाडीची वेळ सकाळीच टिपून घ्यावी.

याखेरीज एक जुनी ट्राम आहे. सिंत्रा ते प्राइया दाश मासाँश या समुद्रकिनाऱ्यापर्यंतची ही अकरा-बारा किलोमीटरांची वाट 1904 साली सुरू झाली, आणि डोंगरउतारावरून, झाडीतून, कोलारेशच्या सपाटीवरून ती सावकाश समुद्राला भिडते. ही ट्राम मुख्यतः उन्हाळ्याच्या दिवसांत चालते, तिच्या फेऱ्या मोजक्या असतात, आणि जागा मर्यादित असतात. सिंत्र्याच्या नगरपालिकेकडे त्या दिवशीच्या फेऱ्यांची चौकशी केल्यावाचून तिच्यावर दिवसाचा कार्यक्रम अवलंबून ठेवू नये. मात्र ती मिळाली तर एका बाजूचा प्रवास तिनेच करावा, आणि तोही जातानाचा नव्हे तर येतानाचा, कारण सकाळचा वेळ मोलाचा असतो आणि सायंकाळी विलंबाचे भय उरत नाही.

स्वतः मोटार हाकणाऱ्यांसाठी कायद्याचा उल्लेख करणे भाग आहे. पोर्तुगालात एक लिटर रक्तात अर्धा ग्रॅम मद्यार्क ही सामान्य चालकासाठी मर्यादा आहे, आणि नवशिक्या व व्यावसायिक चालकांसाठी ती याहूनही कमी आहे. आपल्याकडील मर्यादेपेक्षा ती किंचित सैल आहे, एवढ्यावर भिस्त ठेवून कोणी धाडस करू नये. डोंगरातले ते रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे असून धुक्यात धोकादायक असतात. चौघांचा मेळा असेल तर भाड्याची मोटार ठरवणे हा सर्वांत सुज्ञ मार्ग होय.

दिवसाचा क्रम

सकाळी आठच्या सुमारास रोसियो सोडावे आणि सिंत्र्यास न रेंगाळता थेट आझेन्याश दो मारची बस धरावी. समुद्राच्या कड्यावर पांढऱ्या घरांची उतरंड रचलेले हे गाव छायाचित्रांमुळे सर्वपरिचित झाले आहे, आणि बहुतेक प्रवासी कड्यावरच्या सज्जातून ते दृश्य टिपून तेथूनच माघारी वळतात. आपण मात्र समुद्राकडे पाठ करून गावाच्या मागच्या गल्ल्यांत शिरावे, कारण मळे तेथे आहेत. पहिल्या दृष्टीस ते मळे आहेत हे उमगणारही नाही. गुडघ्याएवढ्या दगडी भिंतींनी आणि वाळक्या बोरूच्या कुंपणांनी जमिनीचे लहान लहान चौकोन पाडलेले दिसतील, आणि त्या चौकोनांत वाळूवर सर्पाकार लोळणाऱ्या वेली दिसतील. आपल्याकडे द्राक्ष म्हटले की तारांचा मांडव आणि त्यावर टांगलेले घड डोळ्यांपुढे येतात. येथे वेल मान वर काढील तर समुद्राचा वारा तिला जाळून टाकील, म्हणून तिला जमिनीलगतच वाढू दिले जाते. परंतु उन्हाळ्यात वाळू तापली की तिच्यावर टेकलेले घड करपतात, तेव्हा तोडणीपूर्वी प्रत्येक फांदीखाली बोरूचा लहानसा टेकू देऊन ती वीतभर उचलून धरली जाते. हे काम यंत्राने होण्यासारखे नाही. दर वेलीपुढे वाकून ते माणसालाच करावे लागते. जून-जुलैपासून पुढे गेलेल्यास हे टेकू पाहावयास मिळतील.

वेलींच्या मधूनमधून सफरचंदाची झाडेही दिसतील. ती वाऱ्याला आडोसा देतात आणि जोडीला फळही देतात. या भागातील रेनेटा जातीचे आंबटगोड सफरचंद प्रसिद्ध आहे. मळे खासगी मालकीचे असून कुंपणे नाजूक असतात, म्हणून भिंतीबाहेरूनच पाहावे, वाळूच्या मळ्यात पाऊल टाकू नये, आणि घड हाती लागण्यासारखा असला तरी त्याला हात लावू नये. मळ्यात काम करणारे कोणी दिसले, तर ‘बों दिया’ एवढे अभिवादन करून मग चौकशी करावी. आत येण्याचे आमंत्रण मिळाले तर ते स्वीकारावे. न मिळाले तर वाईट वाटून घेऊ नये.

तेथून दक्षिणेस अर्ध्या तासाच्या चालीवर प्राइया दाश मासाँश आहे. दुपारचे जेवण तेथे उरकावे. मासे खाणाऱ्यांना भाजलेला ताजा मासा सर्वत्र मिळेल. कोकणी वाचकाने खडकांवरून जीव धोक्यात घालून काढले जाणारे ‘पेर्सेबेश’ नावाचे खेकडा-कोळंबीच्या वर्गातले विलक्षण दिसणारे खाद्य एकदा चाखून पाहावे, मात्र भाव विचारून, कारण ते वजनावर विकले जाते आणि महाग असते. शाकाहारी मंडळींनी भाजीचे सूप मागवतानाही त्यात मांसाचा तुकडा नाही ना, हे विचारून घेणे आवश्यक आहे. तिकडच्या कोबीच्या प्रसिद्ध सूपमध्ये डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा काप घालण्याची रीत आहे. पाव, ऑलिव्ह, चीज आणि उकडलेली भाजी यांवर पोट भरण्याची अडचण पडत नाही. गोडासाठी सिंत्र्याच्या ‘केइजादा’ नावाच्या, चीज व दालचिनी घातलेल्या लहान वड्या परतीच्या वाटेवर घ्याव्या.

तळघरात

तिसऱ्या प्रहरी कोलारेशला यावे. सहकारी संस्थेची इमारत गावाजवळच्या सपाटीवर आहे, आणि तिच्या प्रशस्त दालनात भिंतींच्या कडेने मांडलेली प्रचंड लाकडी पिंपे पाहिली, की एके काळी येथे किती माल येत असे याची कल्पना येते. येथे अथवा आल्मोसाजेम्य गावातील, 1808 पासून चालत आलेल्या ‘व्हियुव्हा गोमिश’च्या जुन्या पेढीत, अथवा डोंगराच्या पश्चिम उतारावरील ‘कझाल सांता मारिया’ या मळ्यात जावयाचे असल्यास आधी पत्राने किंवा दूरध्वनीने वेळ ठरवून घेणे शहाणपणाचे. ही काही मोठी कारखानदारी नव्हे. चाखण्याची व्यवस्था पाहणारी माणसे मोजकी असतात आणि सुट्टीच्या दिवशी दार बंद असण्याचा संभव असतो.

चाखताना प्रथम पांढरे मद्य घ्यावे. ते कोलारेशच्या माल्व्हाझिया जातीच्या द्राक्षाचे असते, आणि त्यात लिंबूवर्गीय आंबटपणाबरोबर समुद्राची आठवण देणारी खारट छटा आढळते. त्यानंतर तांबडे. त्याची रामिश्कु नावाची द्राक्षजात लहान मण्याची आणि जाड सालीची असून तिच्या सालीतल्या तुरट द्रव्यांमुळे कोवळे मद्य जिभेला कच्च्या सुपारीसारखे आवळते. म्हणूनच ते कित्येक वर्षे पिंपात आणि बाटलीत मुरवून मगच विक्रीस काढले जाते, आणि त्यापुढेही दहावीस वर्षे मुरण्याची त्याची क्षमता असते. संस्थेत शक्य असेल तर एकच विनंती करावी: एक अलीकडचे आणि एक जुने, अशा दोन वर्षांचे रामिश्कु शेजारी शेजारी चाखावयास मिळावे. पहिल्यातला तोच तुरटपणा दुसऱ्यात मऊ होऊन त्याचा रंग विटकरी झालेला आणि गंध सुकलेल्या फळांकडे झुकलेला आढळला, की या वाळूच्या शेतीत एवढे श्रम का घेतले गेले, हे व्याख्यानाशिवाय समजते. पोर्तुगीज कादंबरीकार एसा द केइरोश यांच्या लेखनात कोलारेशच्या मद्याचे उल्लेख येतात, त्यावरून एकोणिसाव्या शतकातील लिस्बनच्या सुखवस्तू घरांत त्याची केवढी प्रतिष्ठा होती हेही ध्यानात येते.

चाखणे म्हणजे पेला रिकामा करणे नव्हे. मेजावर ठेवलेले भांडे घोट थुंकण्यासाठीच असते, आणि त्याचा उपयोग करणे तेथे अशिष्ट समजत नाहीत. उलट चार-पाच प्रकार चाखणाऱ्याने ते वापरले नाही तर शेवटच्या दोहोंविषयीचे त्याचे मत विश्वसनीय राहत नाही. मद्य मुळीच न घेणाऱ्यांनीही या भेटीपासून दूर राहण्याचे कारण नाही. मळा, वाळू, तळघर आणि इतिहास यांसाठी जिभेची गरज लागत नाही. ‘मी पीत नाही’ एवढे सांगितल्यावर कोणी आग्रह करीत नाही. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी मात्र सकाळचा भाग एकत्र करावा, आणि दुपारी एका वडीलधाऱ्याने मुलांना किनाऱ्यावर थांबवून घ्यावे. पोर्तुगालात अठरा वर्षांखालील व्यक्तीस मद्य देण्यास बंदी आहे.

वाटेवरील भारतीय स्थळ

सिंत्र्याहून मोन्सेरात मार्गे कोलारेशला येणाऱ्या डोंगरातल्या जुन्या रस्त्यावर पेन्या व्हेर्द नावाची एक वाडी आहे. ती खासगी असून पाहावयास खुली नाही. तरीही आपल्याकडील वाचकाला तिची माहिती असावी. गोव्याचे गव्हर्नर आणि अखेरीस व्हाइसरॉय असलेल्या झुआंव द कास्त्रो यांची ही वाडी. हे गृहस्थ केवळ सेनानी नव्हते. 1538-39 मध्ये गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचे, म्हणजे आपल्या कोकणातील बंदरांचे, खाड्यांचे आणि घारापुरीच्या लेण्यांचे त्यांनी केलेले वर्णन नौकानयनाच्या इतिहासात मान्यता पावलेले आहे. भारतातून त्यांनी जे शिलाखंड पोर्तुगालास नेले म्हणून सांगतात, त्यांत सोमनाथ येथील विक्रम संवत् 1343 चा एक संस्कृत शिलालेख होता. पंडित ब्यूलर यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात वाचून प्रसिद्ध केला आणि विद्वानांत तो ‘सिंत्रा प्रशस्ति’ या नावानेच ओळखला जातो. घारापुरीच्या लेण्यांवरील असाच एक शिलालेख पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यात आला होता, असे इतिहासकार दियोगु दु कोउतु याने नमूद केले आहे. त्या काळी तो कोणाला वाचता आला नाही, आणि पुढे त्याचा मागमूसही उरला नाही. लेण्यांचा काळ आणि कर्ता यांविषयीचा वाद कदाचित त्या एका दगडाने मिटला असता, या विचाराने मुंबईकर प्रवाशाला त्या रस्त्याने जाताना हळहळ वाटल्यावाचून राहणार नाही. पणजीत ज्या संस्थेचे कार्यालय गोवेकरांना परिचित आहे, त्या ‘फुंदासाँव ओरियेंत’चा स्वतःचा द्राक्षमळा कोलारेशला आहे, हेही जाता जाता नमूद करण्यासारखे.

ज्यांना दिवसाच्या अखेरीस शक्ती आणि वाहन दोन्ही उरेल त्यांनी काबो द रोका गाठावे. युरोपच्या मुख्य भूमीचे हे पश्चिमतम टोक, सुमारे 140 मीटर उंचीचा कडा. कड्याच्या कठड्याबाहेर जाऊ नये. वारा तेथे माणसाला ढकलण्याइतका जोरदार असतो. वेळ कमी असेल तर हे स्थळ निःशंक वगळावे. दुसरा दिवस हाती असलेल्यांनी मात्र काइश दो सोद्रे स्थानकावरून कास्काइशच्या गाडीने ओएइराशला उतरून, पोंबालच्या मार्किसच्या जुन्या वाड्यालगत नगरपालिकेने जिवंत ठेवलेले कार्काव्हेलोशचे गोड मद्य चाखावे. शहराने गिळत आणलेल्या आणखी एका मद्यप्रदेशाचे ते उदाहरण आहे.

खरेदी आणि जकात

बाटली घेताना तिच्यावरील चिठ्ठी नीट वाचावी. तीवर कोलारेशचे नाव आणि वाळूच्या जमिनीचा निर्देश असेल तरच ते या लेखात वर्णिलेले मद्य. घट्ट जमिनीवरील द्राक्षांचे मद्य निराळ्या नावाने आणि पुष्कळ कमी किमतीत मिळते. रोजच्या जेवणाला ते उत्तम, परंतु वाळूतल्या मद्याचा भाव देऊन ते घेऊ नये. वाळूतल्या द्राक्षांचे मद्य रूढीने अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरले जाते. हिंदुस्थानात परतणाऱ्या प्रवाशाला जकातमाफीत दोन लिटर मद्य आणता येते, अर्थात अशा चार बाटल्या. त्या कपड्यांत गुंडाळून सोपवलेल्या सामानातच ठेवाव्या. हातातल्या पिशवीत ठेवल्यास वाटेतल्या विमानतळावरील तपासणीत त्या काढून घेतल्या जातील. बडोद्यासारख्या ठिकाणी परतणाऱ्या मराठी मंडळींनी गुजरातचा दारूबंदीचा कायदा ध्यानात घेऊन मगच खरेदीचा विचार करावा. मुंबई-पुण्याच्या वैशाखातील उष्म्यात बाटली उघड्या फडताळात ठेवली, तर दहा वर्षे टिकावयाचे मद्य दोन उन्हाळ्यांत बिघडेल. ती आडवी, अंधारात आणि शक्य तितक्या थंड जागी ठेवावी, आणि तशी सोय नसेल तर मुरवण्याचा मोह सोडून त्याच हिवाळ्यात उघडावी.

अखेरची सूचना खरेदीच्या जागेविषयीच आहे. हीच बाटली लिस्बनच्या दुकानांतही मिळते, आणि ओझे वाचवण्यासाठी ती तेथेच घेण्याचा मोह होतो. तरीही ती कोलारेशलाच घ्यावी. मुंबईच्या पलीकडील अलिबागच्या वाड्या बंगल्यांच्या भूखंडांत विरताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही, की महानगराच्या शेजारी समुद्रकाठी शेती टिकते ती जमिनीच्या भावामुळे नव्हे, तर जमिनीच्या भावाला नकार देणाऱ्या थोड्या हट्टी माणसांमुळे. कोलारेशमध्ये अशी माणसे अद्याप आहेत. त्यांच्या नकाराला कौतुकाने बळ येत नाही, हिशेबाने येते. आणि त्यांच्या दारात मोजलेली रक्कम मधल्या कोणाच्या पदरात न पडता त्या हिशेबात सर्वांत अधिक भर घालते.